मार्थाचं वचनाचं कार्ड

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. चर्चच्या पाळकसाहेबांपाशी नाही, पोरीपाशी नाही. देवाला तरी धड कुठं सांगितलंय? प्रार्थनेत नुसतं ‘प्रभू, तुला ठाऊक आहे’ म्हणतो आणि आमेन करून उठतो. मी तिसरी शिकलेला माणूस. काशीमीऱ्याच्या गॅरेजात ट्रकचे पत्रे ठोकण्यात जन्म गेला. लिहायला मला वेळ लागतो. हे लिहायला बसायलाच पाच वर्षं लागली.

मार्था माझी बायको. पूनम सागर वसाहतीत एका खोलीत आम्ही दोघंच. एस्तर, आमची पोरगी, लग्न करून नगरला. मार्थाला शुगर होती आणि शुगरनं तिची नजर खाल्ली. माणूस दिसायचा, अक्षर दिसायचं नाही. म्हणून बायबल मी वाचून दाखवायचो, बोट ठेवून, अडखळत. ती हसायची. “तुमचं वाचन म्हणजे घोडबंदरच्या घाटातला भरलेला ट्रक. खाली उतरून ढकलावंसं वाटतं.” पण ऐकायची. मी जे वाचीन ते तिच्यासाठी देवाचं बोलणं. एक अक्षर कधी तपासलं नाही तिनं — तपासणार कशी?

आमच्या चर्चच्या मंडळीत एक रीत आहे. एक जानेवारीला सकाळची उपासना संपली की पुढच्या टेबलावर ताट ठेवतात, त्यात छोटी कार्डं पालथी घातलेली. प्रत्येकावर शास्त्रातलं एक वचन. ओळीनं जायचं, डोळे मिटायचे, एक उचलायचं. जे निघेल ते देवानं तुम्हाला त्या वर्षासाठी दिलं. बदलून घ्यायचं नाही. कुणी त्याला लॉटरी म्हणतं. मार्थाला असलं बोलणं खपायचं नाही. एकेका कार्डाच्या आधारानं तिनं एकेक वर्ष काढलं होतं.

त्या वर्षी नाताळाच्या आधी डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावलं. किडन्या गेल्यात, फार दिवस नाहीत, बाईंना सांगून टाका, म्हणाला. मी घरी आलो तर ती हातानं चाचपून करंज्यांच्या कडा दाबत होती. नाही सांगितलं.

मग एक जानेवारी. तिनं ताटातलं कार्ड उचललं आणि माझ्या हातात दिलं. “वाचा. सावकाश, घाई नको.” मी बघितलं. सगळ्यात आधी दिसला तो शब्द — मरण. पुढचं मनातल्या मनात वाचलं. मरणाच्या वाटेवरसुद्धा मी तुझा हात सोडणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

आणि मी तिला वाचून दाखवलं — “मी तुझं आयुष्य वाढवीन.”

एका दमात वाचलं. कुठं अडखळलो नाही. तिला तिथंच संशय यायला हवा होता, नाही का? पण ती रडली, खुशीनं. पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभी राहून साक्ष दिली, देवानं मला वर्षं वाढवून दिलीत म्हणून. सगळे आमेन म्हणाले. मीसुद्धा म्हणालो. कार्ड हरवेल म्हणून मीच जपतो असं तिला सांगितलं आणि पाकिटात घातलं, म्हणजे दुसरं कुणी वाचायला नको.

खालच्या पीसीओवरून आम्ही एस्तरला फोन करायचो. ती म्हणायची, आई, मी येऊन जाऊ का? तर मार्था म्हणायची, “मे महिन्यात ये, पोरांना सुट्टी लागली की. देवानं आयुष्य दिलंय मला, पळापळ कशाला?” मी शेजारी उभा, मीटरकडं बघत.

मार्चमध्ये तिला दवाखान्यात घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझी बाही धरली. “अहो, माझं वचन परत वाचा ना.”

कार्ड पाकिटात होतं. काढलं. डोळ्यांसमोर धरलं. त्या घडीला तिला जे हवं होतं ते त्याच्यावर छापलेलं होतं, शब्दन् शब्द. फक्त वाचायचं होतं — अडखळत का होईना. मी पुन्हा तेच खोटं वाचलं.

का? तिला धक्का बसेल म्हणून? नाही. माझं खोटं उघडं पडेल म्हणून.

ती म्हणाली, “देव तर शब्द फिरवत नाही. म्हणजे माझाच विश्वास कमी पडला.” माझी बाही तिनं सोडली नाही. मार्थाला मी कधी घाबरलेली बघितली नव्हती. त्या दिवशी ती घाबरली होती, आणि आपल्यासोबत कुणी नाही असं समजून घाबरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

एस्तर पोचली तेव्हा शवपेटी बंद करायची वेळ झाली होती. तेव्हापासून ती चर्चची पायरी चढलेली नाही, पोरांना संडे स्कूलला पाठवत नाही. “तुमच्या देवानं आईला फसवलं, पप्पा,” म्हणते. “त्याचं नाव माझ्यापुढं काढू नका.” मी म्हणतो, बरं. दर खेपेला नुसतं बरं. फसवलं मी, आणि आळ त्याच्यावर. तो तर दिलेलं वचन पाळायला तयार होता — त्या खाटेपाशीही. मीच त्याचं तोंड दाबून धरलं.

कार्ड आता मार्थाच्या बायबलात आहे. एस्तर यायची असली की ते बायबल मी कपाटावर, पत्र्याच्या पेटीमागं सरकवतो. गेल्या नाताळातही सरकवलं.