पाटावरून न उठलेला नवरदेव

माझं लग्न माझ्या पायांनी जमवलं, आणि तेही चालायला साफ नकार देऊन.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. उमरेडचं स्थळ आलं होतं. मुलीचा फोटो पाहिला आणि मी तिथंच गार झालो. लग्न करीन तर हिच्याशीच! अडचण एवढीच, की तिचे वडील जुने पहिलवान. ‘काडी पहिलवानाले पोरगी देत नाही,’ असा त्यांचा निरोप होता. आणि मी म्हणजे (वहिनीच्या शब्दांत) खुंटीवर टांगलेला सदरा.

मुलगी बघायला जायला एक आठवडा होता. मी आमच्या इतवारी पेठेतल्या आखाड्यात गेलो. वस्ताद म्हणाले, “रोज पंचवीस बैठका. अन् सोमवारी खाडा. अंगाले आराम पाहिजे.”

पंचवीस बैठकांवर कोणाचं लग्न जमलंय? मी पहिल्याच दिवशी शंभर मारल्या, दुसऱ्या दिवशी दोनशे. सोमवारी आखाडा बंद, म्हणून घरीच अडीचशे.

“भाऊजी, आज तरी आराम करा,” वहिनी म्हणाली.

“आराम लग्नानंतर,” मी हाफत हाफत म्हणालो.

बघायला जायच्या दिवशी गुडघे वाकेनात. उमरेडला एसटीतून मी पाठमोरा उतरलो, शिडीवरून उतरतात तसा.

“काहून गा असा उतरून राहिला?” दादाने विचारलं.

“असंच,” मी म्हणालो.

मुलीकडे बसायला पाट मांडले होते. मी बसलो नाही, कोसळलो. पोहे खाऊन झाले. दादा कानात म्हणाला, “ऊठ, त्यायच्या पाया पड.” मी जोर लावला. पाय ढिम्म. पुन्हा लावला. पाटासकट थोडा सरकलो, उठलो मात्र नाही.

“पोट्टा लंगडा आहे का वं?” मुलीची आत्या अगदी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. संपलं, मला वाटलं. आता बसायचं उमरेडच्या फोटोला कवटाळून.

तेवढ्यात मुलगीच म्हणाली, “बाबा, यायले बैठका चढल्या. तुमच्या आखाड्यातले नवे पोट्टे असेच तर होतेत.”

वडिलांनी माझी मांडी दाबली. मी अशी बोंब ठोकली की गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

“खाडा केला होता?”

“नाही, काका.”

“मंग? घाम गाळला, पण अंगाले भरून यायले वेळच नाही देला. चार दिवस झोपून राहा. एकही बैठक नाही. पाचव्या दिवशी ये.”

ते चार दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण व्यायाम होता. पाचव्या दिवशी मी एसटीतून टणकन उतरलो, पाटावर बसलो, उठलो, त्यांच्या पाया पडलो, पुन्हा उठलो. “जमलं!” ते गरजले. मी पोहे न खाताच जिंकलो होतो.

लग्नानंतर मी ऐटीत बायकोला विचारलं, “एवढी पोरं पाहून गेली, मग मीच काहून पसंत पडलो?”

ती म्हणाली, “बाकीचे पोहे खाऊन लगेच उठून गेले. नीट पाहाले तुम्हीच तेवढे सापडले.”