नडगीवरचं गजकर्ण

लहानपणी सुट्टीत आलात की तुम्ही दोघं माझ्या डाव्या नडगीवरच्या गोल डागावरून बोट फिरवायचात. "आजी, हे काय आहे?" असं विचारायचात आणि उत्तराची वाट न बघता पळून जायचात. परवा धाकटीनं फोनवर सांगितलं, की तिच्या पायाला गजकर्ण झालंय आणि मलम लावून ती कंटाळली आहे. तेव्हा ठरवलं, की त्या डागाची हकीकत आता नीट लिहावीच. तिचा उपयोग धाकटीला होईल. संबंध मात्र थोरल्याशी जास्त आहे.

तेव्हा आम्ही अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. आजोबा कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, आणि घरात माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी होत्या. तुमची आई लग्न होऊन पुण्याला गेली होती. पहिल्या बाळंतपणाला ती दिवाळीच्या सुमारास माहेरी येणार हे उन्हाळ्यातच ठरलं, आणि त्याच उन्हाळ्यात माझ्या कमरेला खाज सुटली.

आधी घामोळं वाटलं. मग त्याचं रिंगण झालं: कडेला लाल, बारीक फोडांची रेघ आणि मधली कातडी अगदी स्वच्छ. इंग्रजीत याच्या नावात किडा आहे, पण खरं तर किडा कुठेच नसतो. ती बुरशी असते. शिळ्या भाकरीवर येते तशीच, फक्त हिला माणसाची कातडी आवडते. मराठीत त्याला हत्तीचा कान म्हणतात. मी आरशासमोर उभी राहून बराच वेळ तो कान शोधला. सापडला नाही.

शेजारच्या भाभींनी एक मलमाची ट्यूब दिली. "बाजी, दो दिन में ऐसा साफ होता, निशान बी नै दिखता." खरंच दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली. मी ट्यूब बंद केली, आणि पंधरवड्यानं रिंगण परत आलं, आधीपेक्षा मोठं. आता त्याची भावंडंही दिसू लागली: मांडीवर, आणि डाव्या नडगीवर एक, चांगलं रुपयाएवढं.

जालन्याच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ट्यूबचं नाव वाचून डोकं हलवलं. "हे खाजेला झोपवतं आणि बुरशीला पोसतं." त्यांनी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. काचेवर पातळ, फांद्या फुटलेले धागे पसरले होते. माझ्या अंगावर इतकं व्यवस्थित काहीतरी वाढतंय याचं मला वाईट वाटायच्या आधी नवल वाटलं. त्यांनी महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या तुपाच्या घासाबरोबर घ्यायच्या. टॉवेल वेगळा ठेवायचा आणि अंगाला लागणारे सगळे कपडे उकळायचे. मग त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"येणार आहे. मुलीचं पहिलं बाळंतपण आहे."

"मग हे पूर्ण जाईपर्यंत बाळाला उघड्या अंगावर घेऊ नका."

आमच्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ कसं घालतात हे तुम्ही पाहिलेलं नाही. मोरीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायचं आणि बाळाला आपल्या उघड्या नडग्यांवर झोपवायचं. नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत बाळाची पाठ बरोबर बसते. तुमच्या आईला मी असंच न्हाऊ घातलं होतं, आणि नातवंडाला घालायचं हे मी तिच्या लग्नाच्या दिवसापासून मनाशी धरून होते. गजकर्ण नेमकं तिथेच बसलं होतं.

मी कामाला लागले. चादरी, परकर, चोळ्या, उशांचे अभ्रे सगळं उकळलं, इस्त्री केली. रिंगणं फिकी पडायची आणि पुन्हा उठायची. डॉक्टर विचारत, "सगळे कपडे उकळता ना?" मी म्हणे, "सगळे," आणि ते खरंच आहे अशी माझी खात्री होती.

महालक्ष्म्या झाल्या आणि जाफराबादचे आमचे एक चुलत दीर गेले. घरात सुतक आलं. सुतकाच्या दिवसांत माझी खाज चक्क थांबली. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. सुतक फिटलं, आणि आठवडाभरात कंबर पुन्हा पेटली. गोळ्या तर त्याच होत्या. मग सुतकात मी काय करत नव्हते? देवपूजा. पुन्हा सुरू झाल्यावर मी एकेक गोष्ट सोडून पाहिली. आधी गंध उगाळणं सोडलं, मग झेंडूची फुलं तोडणं. काही फरक पडला नाही. मग एका सकाळी देवघराच्या कोपऱ्यात काठीनं सोवळं खाली घेताना माझा हात तसाच वर राहिला.

सोवळं म्हणजे माझी आणि सासूबाईंची एकच धाबळी, जाडंभरडं लोकरीचं वस्त्र. पूजेला आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाला आंघोळीनंतर ओलसर अंगावर तेच नेसायचं. झालं की कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं उंच दांडीवर टाकायचं, त्या अंधाऱ्या कोपऱ्यात. लोकरीला विटाळ नाही, म्हणून ते धुवायचं नाही. डॉक्टरांना "सगळे कपडे" म्हणताना धाबळी माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. ती कपड्यांत मोडतच नव्हती.

मी सासूबाईंना म्हटलं, "बाई, मला वाटतं हे धाबळीतून येतंय."

"सोवळ्यातून? शाळेत लेकरांना हेच शिकवून राह्यलीस का?" मग त्यांनी हुकमी प्रश्न टाकला. "मंग मला कसं न्हाई झालं? तुझ्याआधीपासून नेसते मी."

हे ऐकून मी पुन्हा झेंडूकडे वळणार होते.

तेवढ्यात तुमची आई सातवा लागल्यावर आली. एका दुपारी आम्ही शेंगा फोडत बसलो होतो, आणि सासूबाई दाराच्या चौकटीला कंबर घासत उभ्या होत्या. तुमच्या आईनं ते पाहिलं.

"आजी, काय होतंय?"

"काय न्हाई. उष्णता हाय."

"दाखव बरं."

"दाखवायला सर्कस हाय का?"

"बरं, नको दाखवू. मग बाळाला न्हाऊ कोण घालणार? तुम्ही दोघी खाजवत बसा. बाहेरची मावशी लावू."

"माझ्या पणतवंडाला बाहेरची?" असं म्हणून सासूबाईंनी रागानंच लुगडं जरा सैल केलं. त्यांचं रिंगण माझ्यापेक्षा जुनं, मोठं आणि ऐटदार होतं. मला दया यायला हवी होती. मी टाळीच वाजवली.

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी काठीवर धाबळी घेऊन मागच्या दारी आल्या. "चूल पेटव," म्हणाल्या. पातेल्यातलं पाणी चहासारखं झालं. गच्चीवर ती वाळत घातली, आणि सासूबाई छत्री उघडून काठी घेऊन राखणीला बसल्या. "दूर व्हा रे, शिवू नका बिलकुल!" वसाहतीतली पोरं मुद्दाम जवळ जाऊन पळत होती. संध्याकाळी धाबळी खाली आणली तर आटून पंच्याएवढी झालेली. सासूबाईंनी ती कमरेला लावून पाहिली. "आता ही बाळकृष्णालाच बराबर होईल," म्हणाल्या. मग स्वतःच तोडगा काढला. "सुताचं नेसू. सुताला रोज धुवावंच लागतं, शास्त्रच हाय तसं." दोघींची दोन वेगळी पातळं झाली. ती रोज धुऊन गच्चीवर कडक उन्हात वाळू लागली. इंग्रजी गोळीही त्यांनी घेतली. "तुपासंग घ्यायची ना? मंग ते औषध कसलं!"

थोरल्या, तू दिवाळीनंतर आलास. तोवर माझी कंबर साफ झाली होती, पण नडगीच्या कडेला अजून कोंडा सुटत होता. सासूबाईंचं तर निम्मंच गेलं होतं. म्हणून मावशी लावावी लागली. ती तुला न्हाऊ घालायची आणि आम्ही दोघी मोरीच्या दाराशी.

"पाणी कढत हाय गं."

"मान धरा, मान."

शेवटी मावशी वैतागली. "इतक्या हुश्शार हायत दोघी, तर या की आत!" आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि लुगडी नडग्यांवर ओढून घेतली.

तुझं बारसं झाल्यावर डॉक्टरांनी नडगी पुन्हा खरवडली. मी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं. एकही धागा नव्हता. नुसता तपकिरी डाग राहणार होता, आणि तो कुणाला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर बसून पाय लांब केले. तुमच्या आईनं तुला माझ्या नडग्यांवर ठेवलं, तुझी पाठ त्या डागावर बरोबर बसली, आणि पहिला तांब्या अंगावर पडताच तू वसाहत डोक्यावर घेतलीस. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"मान धर," त्या म्हणाल्या. आणि मग, जरा थांबून, "माझा नंबर कधी लागंल, विचार त्या डॉक्टरला."

त्यांचा नंबर तू पुण्याला जायच्या आदल्या आठवड्यात लागला.