महापौरांच्या गळ्यातले बँड

शाळेने माझ्या मुलीला एक महापौर दिला होता. शाळा अमेरिकन पद्धतीची. तिथे पाचवीच्या मुलांनी कोणातरी थोर माणसाचा वेष करून पुतळ्यासारखं उभं राहायचं असतं. पुढ्यात कागदाचं लाल बटण चिकटवलेलं असतं, ते कोणी दाबलं की पुतळा आपली जीवनकथा सांगू लागतो. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मैत्रिणीला अंतराळवीर मिळाली आणि हिच्या वाट्याला आला एकोणिसाव्या शतकातला कोणी अमेरिकन वकील, पुढे आपल्या शहराचा महापौर झालेला. नाव सांगत नाही, सांगूनही तुम्ही ओळखणार नाही.

"ही इज नोबडी, बाबा," ती रडवेली होऊन म्हणाली. "ही जस्ट फिक्स्ड ड्रेन्स."

मला मात्र तो गडी पहिल्याच दिवशी आवडला. इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने मुक्कामच ठोकला. दुसऱ्याच्या कचेरीत पडेल ते काम करत तो कायदा शिकला. कोर्टात नाव काढलं, मग लोकांनी त्याला महापौर केलं. त्याने घरोघरी नळ आणले, गटारं बांधली, त्यासाठी कर वाढवला आणि पुढच्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्याला घरी बसवलं. त्याने आदळआपट केली नाही. कोट झटकला आणि परत वकिली सुरू केली.

मीही वकीलच आहे. पुण्यात कोर्टात उभा राहायचो, तावातावाने भांडायचो, मजा यायची. बायको डॉक्टर, तिला इथे चांगली नोकरी मिळाली आणि आम्ही आलो. इथल्या कोर्टात माझ्यासारख्या परदेशी वकिलाला उभं राहता येत नाही. मी शारजा औद्योगिक क्षेत्रात स्पेअर पार्ट्सच्या एका कंपनीचे करारमदार तपासतो. साहेब म्हणतात, "यल्ला भाई, खलास करो," म्हणजे चल, उरकून टाक, आणि मी खलास करतो. पगार बरा आहे, तक्रार नाही. पण एकदा मैत्रिणीने विचारल्यावर माझी लेक म्हणाली, "आई इज अ डॉक्टर. बाबा डझ पेपर्स." ते मला लागलं, अजूनही लागतं. तिने मला एकदा तरी वकील म्हणून बघावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून वेषाचं काम मी अंगावर घेतलं. "अरे, ऑनलाइन मागव ना, उद्या येईल," बायको म्हणाली. मी कसला ऐकतोय! बॅगेच्या तळातून माझा कोट आणि काळा गाऊन काढून लेकीला चढवला, बाह्या दुमडल्या, सेफ्टी पिना टोचल्या आणि वकिलाच्या गळ्यातले पांढऱ्या पट्ट्यांचे बँड माझ्या हाताने बांधले. आरशात बघून ती खुदकन हसली. मीही छाती फुगवून घेतली.

कार्यक्रमाच्या सकाळी तिच्या वर्गाच्या अमेरिकन बाई तिच्यापुढे थांबल्या.

"लव्हली! बट स्वीटी, व्हॉट्स धिस?"

त्यांनी बँडकडे बोट केलं आणि मग मागच्या फळ्यावरच्या फोटोकडे. फोटोतल्या महापौरांनी गळ्यात काळा बो-टाय लावला होता. हाच फोटो इतके दिवस आमच्या फ्रीजवर होता. रोज दूध काढताना मी तो बघत होतो! अमेरिकेतले वकील ना गाऊन घालतात ना बँड लावतात, हे एवढ्या शिकल्यासवरल्या वकिलाला ठाऊक नव्हतं. वकील म्हटलं की बँड, यापुढे माझी अक्कल धावलीच नव्हती. मी बँड सोडायला पुढे सरसावलो, तर तिने माझा हात बाजूला केला.

"मिस, धिस इज जस्ट वन फोटो," ती म्हणाली. "मेबी ही वोर धिस ऑन अदर डेज. कॅन यू प्रूव्ह ही डिडन्ट?"

हा प्रश्न, ही मान वर करायची तऱ्हा मी कोर्टात कितीदा वापरली होती, आणि तिने तर मला तिथे कधी पाहिलंही नव्हतं. बाई हसल्या, पण बधल्या नाहीत. वेषाचे गुण कापून त्या पुढे गेल्या.

पुतळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "डिड वी लूज?"

"हो गं बाळा."

"देन व्हॉट डू लॉयर्स डू?"

"अपील करतात."

"मग कर ना, बाबा. यू आर द लॉयर."

बाई शेजारच्या अंतराळवीराचं बटण दाबायला वाकल्या होत्या. मी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं, घसा खाकरला आणि पुढे झालो. "मॅडम," मी म्हणालो, "वन मिनिट, प्लीज."