ब्रेकवाले जाधव

गुरुवार, सोळा नोव्हेंबर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. दारावर टकटक झाली. उघडले तर तळमजल्यावरचे जाधव उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा, उजवा हात छातीवर.

"सर, गाडी काढा," ते म्हणाले. "घाई नाही. आधी हवा बघू."

मी चपला घालून किल्ली घेईपर्यंत ते जिना उतरून अंगणात पोहोचले होते. छातीत कळ आलेला मनुष्य गाडीच्या चारही टायरांवर एकेक करून अंगठा दाबून पाहतो आहे, हे दृश्य मी त्या सकाळी पाहिले. जाधवांना ओळखणाऱ्या कोणालाही त्याचे नवल वाटले नसते.

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना 'ब्रेकवाले' म्हणत. बस डेपोतली सगळी नोकरी त्यांनी ब्रेकच्या खात्यात, बसच्या पोटाखाली काढली होती. जगाकडे ते त्याच बाजूने पाहत. कोणी नवी मोटारसायकल घेतली आणि ती किती पळते हे कौतुकाने सांगू लागला, की ते शांतपणे विचारीत, "पळते ती तिची खोड झाली. थांबते का, ते सांग." मंडळाच्या सभेत आमचे अध्यक्ष तासभर बोलले, तेव्हा शेजारी बसलेल्या जाधवांनी माझ्या कानाशी एवढेच विचारले, "सर, याचं पेडल कुठल्या बाजूला?"

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. सभेत हसत नाही. त्या दिवशी मला खोकल्याचे सोंग करावे लागले.

ज्या गाडीची हकिकत सांगायची, ती आमच्या गल्लीतल्या एका डॉक्टरांची. दवाखाना बंद करून ते मुलाकडे गेले आणि जुनी, लहान गाडी जवळजवळ फुकटच मंडळाला देऊन गेले. मंडळाने ठराव केला की गाडी चाळीतल्या रुग्णांच्या सेवेसाठी वापरावी. रुग्ण तूर्त एकच होता. माझ्या पत्नीला सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी परळला न्यावे लागे. लालबाग ते परळ हे अंतर टॅक्सीवाल्याला अपमानास्पद वाटते. तो मान हलवतो आणि निघून जातो. आजारी बाईला फुटपाथवर उभी करून मी अशा पुष्कळ माना हलताना पाहिल्या आहेत. गाडी माझ्या नावावर करण्यात आली. मुख्याध्यापकाच्या नावावर असलेली गाडी पोलीस अडवत नाहीत, असा अध्यक्षांचा समज होता.

गाडी जुनी होती. गाडी मंडळाकडे आली त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरीस नोंदणीची मुदत संपत होती. त्याआधी तिला परिवहन कार्यालयाच्या तपासणीतून पार पाडायचे, नाहीतर भंगारात द्यायचे, असा सरळ हिशेब होता. मंडळाने तातडीने दुरुस्ती हाती घेतली. प्रथम रंग दिला. मूळची पांढरी गाडी अध्यक्षांच्या आवडीने पोपटी झाली. मागच्या काचेवर मंडळाचे नाव तिरक्या अक्षरांत आले. ब्रेक ऑइलची डबी अर्धी रिकामी दिसली, तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच्या मोटारसायकलीचे उरलेले इंजिन ऑइल त्यात ओतले. नंतर समारंभाचा दिवस ठरला.

समारंभ अंगणात झाला. अंगणाला रस्त्याच्या दिशेने उतार आहे आणि व्यासपीठ उताराच्या खालच्या टोकाला घातले होते. चारही चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फुटला. अध्यक्ष 'आता आपली प्रगती कोणी रोखू शकणार नाही' या वाक्यावर आले आणि त्यांनी मला खूण केली. मी गाडी सुरू केली. चार हात पुढे नेऊन ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. गाडीने लिंबे चिरडली, दोन कुंड्या पाडल्या, ध्वनिक्षेपक आडवा केला आणि व्यासपीठाच्या पायात अडकून थांबली. अध्यक्ष वेळेवर खुर्चीवर चढले होते.

आपल्या दारात चहा पीत उभे असलेले जाधव सावकाश पुढे आले. मोरीजवळ पडलेली एक वीट त्यांनी उचलली, गाडीच्या मागच्या उजव्या चाकाशी नेऊन ठेवली आणि टाचेने दाबून बसवली.

"हां," ते म्हणाले. "आता भाषण चालू ठेवा."

अध्यक्षांनी गाडीला नजर लागल्याचे सांगितले. जाधव म्हणाले, "नारळ फोडून ब्रेक लागत असते, तर डेपोत माझी भरतीच झाली नसती. कोणी हात लावला होता बॉनेटच्या आत?"

"ऑइल कमी होतं, ते भरलं," अध्यक्ष म्हणाले. "तेल ते तेल."

"घरी चहात रॉकेल घालता का? पातळ दोन्ही असतात."

"मंडळाचा ठराव आहे तसा."

तसा ठराव होता. मंडळाची वही मीच लिहीत असे. 'गाडीतील तेल-पाणी पूर्ण करावे' हे वाक्य माझ्या हस्ताक्षरात होते आणि खाली माझी सही होती. जाधवांनी वही वाचली, माझ्याकडे पाहिले आणि परत दिली. एवढी वर्षे मी मुलांच्या वह्या अशाच परत केल्या. समोरच्याला काय वाटते, ते मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवसापासून ते गाडीखाली शिरले. चुकीच्या तेलाने ब्रेकमधली सगळी रबरे फुगली होती. ती काढली, नळ्या धुतल्या, गंजलेली एक नळी बदलली, मागच्या चाकांचे लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, नवे बसवले. काढलेला प्रत्येक भाग ते स्टीलच्या परातीत क्रमाने मांडून ठेवीत आणि तो का गेला, हे मला सांगितल्याशिवाय नवा लावीत नसत. "जुना का मेला ते कळलं नाही, तर नवा पण तसाच मरतो," हे त्यांचे म्हणणे. समारंभाचा फ्लेक्स त्यांनी अध्यक्षांकडून मागून घेतला होता. त्यावर अध्यक्षांचे हात जोडलेले छायाचित्र होते. अध्यक्षांना वाटले, आठवण म्हणून हवा असेल. जाधवांनी तो गाडीखाली अंथरला. "प्लॅस्टिक जाड आहे. पाठीला गार लागत नाही." पुढचे तीन आठवडे ते अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पाठ टेकून काम करीत होते.

नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. एक खाली, एक पेडलवर. पेडलवर मला बसवले. रविवारची पूर्ण सकाळ गाडीखालून हुकूम येत राहिले. "दाबा. धरा. सोडा. पुन्हा दाबा. सर, धरा म्हटलं की धरायचं, विचार नाही करायचा." कवायतीच्या मैदानावर मी जन्मभर दुसऱ्यांना 'सावधान' म्हटले. आता वरच्या तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरले होते आणि मी आज्ञा पाळत होतो. शेवटी पेडल टणक लागले. मी तसे सांगितले. खालून उत्तर आले, "टणक म्हणजे किती? माझ्या बोलण्याएवढं की तुमच्या?"

ब्रेक झाले, तेव्हा जाधवांनी नोंदणीचे कागद मागितले आणि वाचून चष्मा काढला. "सर, कागदावर गाडी पांढरी आहे."

ही गोष्ट चाळीत कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. गाडी कोणत्या रंगाची करावी यावर मंडळात दोन सभा झाल्या होत्या. ती कोणत्या रंगाची आहे, हे कागदात कोणी पाहिले नाही. गाडी पुन्हा पांढरी झाली. दारांच्या आतल्या कडांना पोपटी रंग अजून आहे.

मुदतीला चार दिवस उरले, तेव्हा अध्यक्ष एक उपाय घेऊन आले. त्यांच्या ओळखीचा एक दलाल होता. गाडी न नेता काम करून देतो म्हणत होता. मी विचार केला, हे नाकारण्याचे कारण नाही. पत्नीचे दोन फेरे टॅक्सीवाल्यांनी चुकवले होते आणि तिच्या पायांवर सूज होती. मी जाधवांना तसे सांगितले. ते हात पुसत उभे राहिले.

"कागद पास होईल, सर. परळच्या पुलावरून उतरताना वहिनींना घेऊन कागद दाबणार का?"

मी दलालाला नकार कळवला. अध्यक्ष आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ती शांतता उपयोगी पडली.

गाडी तयार होती, चालक नव्हता, असे जाधवांचे मत. पहाटे गिरणीच्या भिंतीलगतच्या रिकाम्या रस्त्यावर ते मला नेत. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवीत आणि पुढे खडूने रेघ मारीत. रेघेवर थांबायचे, पाणी सांडायचे नाही. पहिल्या दिवशी माझी विजार भिजली. "शाळेत पोरांना पण असंच धाडकन थांबवत होता काय?" त्यांनी विचारले. मी उत्तर दिले नाही. कारण उत्तर होय असे होते.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने क्रमांक ताडून पाहिला, ब्रेक दाबून पाहिला, हँडब्रेक ओढून पाहिला आणि सही केली. मंडळाने पेढे वाटले. 'आमच्या प्रयत्नांना यश' असा नवा फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष होते, गाडी होती, कोपऱ्यात मीही होतो. जाधव नव्हते. ते खाली होते, गाडी पुन्हा जॅकवर चढवून.

"अहो, पास झाली ना," मी म्हणालो.

"त्यांनी केली. मी अजून नाही केली."

पेल्यातले पाणी सांडायचे थांबले नव्हते, हे त्यांचे कारण. दर वेळी डायलिसिसहून परत आलो की ते विचारीत, "सांडलं?" मी म्हणे, थोडे. ते मान हलवून आत जात. हँडब्रेक नवा होता, तरी वीट त्यांनी काढू दिली नाही. गाडी लावली की वीट. जयंतीची मिरवणूक असो, कोणाचे लग्न असो, चाकाशी वीट दिसली नाही तर ते माझ्या दारात येऊन उभे राहत. मी खाली जाई.

एका गोष्टीबद्दल त्यांनी मला विचारले नाही. पत्नीला सीटवरून उठताना आधार लागे. एका सोमवारी दार उघडले तर डाव्या दाराच्या वर बसमध्ये असतो तसा धरायचा पट्टा लावलेला होता. झिजलेला, पण नवा शिवलेला. "हे कधी केलंत, जाधवभाऊ?" तिने विचारले. "कधीच नाही, वहिनी," ते म्हणाले. "भंगारातून आला, जागा मिळाली, बसला." त्यानंतर ती माझा हात न धरता उतरू लागली. मला ते बरे वाटले, असे म्हणता येणार नाही. तिला वाटले.

त्या गुरुवारी सकाळी चाके पाहून झाल्यावर जाधवांनी स्वतः वाकून वीट काढली आणि भिंतीशी उभी ठेवली. मग डाव्या सीटवर बसले आणि तो पट्टा धरला. मी म्हणालो, बोलू नका. ते बोललेच. "सिग्नलला क्लच दाबून धरू नका, प्लेट जळते." पुलावर म्हणाले, "तिसरा टाका." घाम त्यांच्या शर्टातून उतरत होता. रस्ता मोकळा होता, मी वेग वाढवला. त्यांनी पट्ट्यावरचा हात न काढता मान नाही अशी हलवली. मी वेग कमी केला.

रुग्णालयाच्या दाराशी थांबलो. कधी थांबलो, हे मलाही नीट कळले नाही. जाधव समोर डॅशबोर्डकडे पाहत होते. तिथे पेला नव्हता.

"सांडलं नाही," ते म्हणाले.

वॉर्डबॉयने खुर्ची आणली. त्यांचा मुलगा अँटॉप हिलहून साडेआठपर्यंत पोहोचला. दहा वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि मुलाला एका बाजूला घेऊन गेले.

त्या दिवशी गुरुवार होता. चाळीत परत आलो, मंडळींना कळवले. अध्यक्षांनी श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी छायाचित्र मागितले. जाधवांचे छायाचित्र माझ्याकडे नव्हते. दुपारी तीन वाजता पत्नीला परळला नेले. तिने पट्टा धरला, सोडला, पुन्हा धरला. साडेसातला तिला परत आणून घरी बसवले. खाली आलो. गाडी भिंतीला लावली, हँडब्रेक ओढला. वीट त्यांनी सकाळी ठेवली होती तिथेच होती. ती उचलून मागच्या उजव्या चाकाशी ठेवली आणि टाचेने दाबून बसवली.