तलावाकाठचा अभ्यास

माझी वहिनी निवांत बसलेली दिसली, तर समजायचं की ती गाडीत आहे आणि पुढचा सिग्नल लाल आहे. सकाळी रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर नोकरी, दुपारी मुलांना शाळेतून उचलायचं, मग थोरलीचं पोहणं, धाकट्याचा फुटबॉल, मध्येच कुणाचा तरी दात, कुणाच्या तरी मित्राचा वाढदिवस. आणि एवढं कमी पडलं म्हणून की काय, बाईसाहेब कॉलेज करत होत्या. थोरलीच्या वेळी अर्धवट सोडलेली पदवी तिला पुरी करायची होती. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला घ्यायला तयार होते, पण पदवी हातात पडल्यावर. खिडकीत बसून दिवसभर "पुढचे कोण?" विचारण्याचा तिला मनापासून वीट आला होता.

"अगं, पण तू अभ्यास करतेस कधी?" लोक विचारायचे.

"मुलांच्या क्लासात," ती म्हणायची. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, थट्टा करतेय.

थट्टा मुळीच नव्हती. पोहण्याच्या तलावाला वर पत्र्याचं छत, त्यामुळे एक शिट्टी वाजली की चार ऐकू येतात. क्लोरीनचा वास नाकात बसतो. कडेला पालकांसाठी लांबच लांब बाक. त्यावर एक बाई स्वेटर विणत असायच्या, दोघी-तिघी आपापल्या सासवांची सालं काढत असायच्या, एक गृहस्थ बसल्या बसल्या घोरायचे. आणि या गोंधळात टोकाला माझी वहिनी, मांडीवर जीवरसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक घेऊन पुटपुटत असायची. पाणी उडून उडून ते पुस्तक इतकं फुगलं होतं की धड मिटायचं नाही. थोरली पोहत अलीकडच्या भिंतीला आली की वहिनी पुटपुटणं थांबवायची, तिच्याकडे बघून मान हलवायची आणि पुढच्या परिच्छेदाला लागायची. घरी परतताना गाडीत मोठ्यानं उजळणी. मागच्या सीटवरून धाकटा फाटे फोडायचा. एकदा त्यानं जेवताना आमच्या बाबांना त्यांच्या यकृतात काय काय चालतं ते इतकं रंगवून सांगितलं, की बाबा ताटावरून उठायच्या बेतात होते.

असं करत करत तिनं सगळे विषय सोडवले. राहिला तो हाच, जीवरसायन. एकदा त्यात ती आपटली होती. आता ही शेवटची संधी होती, कारण यानंतर जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. या खेपेला नापास झाली तर पहिल्या वर्षापासून पुन्हा श्रीगणेशा. आणि प्रयोगशाळा काही तोवर तिची वाट बघत बसणार नव्हती.

इथे माझा दादा मध्ये पडला. दादा माणूस सोन्यासारखा आहे, पण चांगुलपणा करताना समोरच्याला विचारायची पद्धत त्याच्याकडे नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्यानं मुलांची रवानगी माझ्याकडे केली, सगळे क्लास बंद केले, फ्रिज जेवणाच्या डब्यांनी भरला, दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली आणि स्वतः मित्राकडे राहायला गेला. "तुला शांतता हवी ना? घे शांतता!" जाताना बायकोला असं म्हणाला, जसं काही राज्यच लिहून देतोय.

धाकट्यानं माझ्या घरी धुमाकूळ घातला, तो अपेक्षितच होता. थोरली मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यापुढे पिशवी घेऊन उभी. पिशवीत टॉवेल, टोपी, चष्मा.

"आत्या, मला तलावावर सोडतेस?"

"अगं, बाबांनी सुट्टी दिलीय ना तुला? लोळ की जरा."

"नको. जाऊ या."

पोरगी पाण्याची वेडी, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिचे सर नेहमी म्हणायचे, बाकीच्या मुली वेळ संपायच्या आधीच पळतात, ही मात्र ओठ निळे पडले तरी बाहेर यायचं नाव घेत नाही. नेलं मी तिला. आत शिरते तर बाकाच्या टोकाला कोण? वहिनी! आम्हाला बघून ती अशी दचकली, जसं काही चोरी करताना पकडलंय.

"तू इथे? दादानं अख्खं घर रिकामं करून दिलंय ना तुला?"

"म्हणून तर आले," ती म्हणाली. "घरात नुसता फ्रिज ऐकू येतो गं. कालपासून एकच पान वाचतेय. शेवटी उठून कपाटं आवरली, पडदे धुतले. डोक्यात अक्षर शिरेल तर शपथ." मग आवाज बारीक करून म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला सांगू नका हं. बिचाऱ्यानं बेलची वायरसुद्धा काढलीय." मला ती एरवी अगं-तुगं करते. 'वन्सं' होते मी फक्त तिचं काही काम असलं की.

थोरलीला आईला तिथं बघून काहीच नवल वाटलं नाही. तिनं टोपी चढवली आणि पाण्यात उडी घेतली. जाते, येते, जाते, येते. बाकीच्या मुली अंघोळ करून, केस पुसून, खाऊ खाऊन घरी गेल्या. शेवटी सरांनी शिट्टी मारून मारून हिला बाहेर काढलं, तेव्हा दात कडकड वाजत होते.

"पोरगी नाव काढणार बघ," मी म्हटलं.

"पाणी म्हणजे जीव की प्राण आहे तिला," फुगलेलं पुस्तक पिशवीत कोंबत वहिनी म्हणाली. "नाहीतर एवढी धावपळ कोणासाठी करते मी?"

मग तो सगळा आठवडा मी थोरलीला रोज तलावावर नेलं. दादाचा रोज फोन यायचा, "ती शांतपणे बसलीय ना?" मी म्हणायची, "बसलीय." खोटं नव्हतंच ते.

परीक्षेच्या सकाळी वहिनीचा चेहरा उतरला होता. विषयाची भीती नव्हती, भीती होती त्या हॉलची. तिथे टाचणी पडली तरी ऐकू येते. झालंही तसंच. प्रश्नपत्रिका हातात आली आणि डोकं कोरं. सगळे लिहितायत आणि ही समोरच्या भिंतीकडे बघतेय. तिनं मला नंतर सांगितलं, "डोळे मिटले आणि थोरली पोहतेय असं मनात आणलं. ती पलीकडून निघाली, मध्यापर्यंत आली, भिंतीला हात लावला. तेव्हा कुठे पहिलं उत्तर आठवलं. मग तिला पोहत ठेवली आणि लिहीत सुटले."

निकाल आला त्या रविवारी सगळे त्यांच्याच घरी होतो. वहिनीनं फोन टेबलावर पालथा ठेवला होता, बघायचं धाडस होईना. शेवटी दादानं उचलला, बघितला आणि असा ओरडला की धाकटा खुर्चीवरून पडला. पास! गुण काही मिरवण्यासारखे नव्हते, पण पास.

"बघितलंस? शांतता लागते अभ्यासाला, शांतता!" दादा छाती फुगवून म्हणाला. मी वहिनीकडे बघायचं टाळलं.

वहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती. तिनं थोरलीला मिठीत घेतलं. "आता मी मोकळी! आता नीट लक्ष देणार तुझ्याकडे. स्पर्धेच्या बॅचला घालू या तुला? नवा पोशाख घेऊ या? सांग, काय हवं ते सांग."

थोरली जरा घुटमळली. मग म्हणाली, "आई, आता मी पोहणं सोडलं तर चालेल?"

आम्ही सगळे हसलोच. वाटलं, लाडात आलीय. पण ती हसत नव्हती.

"अगं, सोडायचं काय? तुला किती आवडतं!"

"नाही आवडत. खूप थंडी वाजते. कान दुखतात. सर ओरडतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग रोज शेवटपर्यंत पाण्यात कशाला थांबायचीस?"

थोरलीनं आईकडे असं बघितलं, जसं काही आईनं भलताच सोपा प्रश्न विचारलाय.

"मी बाहेर आले की तू पुस्तक मिटायचीस ना," ती म्हणाली.

दादाची छाती खाली आली. वहिनी होती तिथेच फरशीवर बसली, पोरीचे दोन्ही कान तळहातांनी झाकले आणि ढसाढसा रडायला लागली. आणि मीही रडले, खोटं कशाला सांगू.