भोकरचा नर, चाकूरची मादी

वाणी म्हणजे सोयाबीनची कोवळी रोपं खाणारा, हात लावताच वेटोळं करणारा तो बहुपायी किडा. मी त्यावर पीएच.डी. करते म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात, मग खो-खो हसतात. तीन वर्षांत माझ्याकडे निरीक्षणांपेक्षा किस्सेच जास्त जमलेत!

भोकरकडची एक जात, चाकूरकडची दुसरी, दिसायला अगदी सारख्या. त्यांचा संकर होतो का, हा माझा विषय. होतोच, असं मी नांदेडच्या आमच्या कॉलेजात छातीठोकपणे सांगून बसले होते. पिल्लं झाली नाहीत, तर तीन वर्षं पाण्यात!

चाकूरला एका शेतात किडे वेचत होते. शेतमालक काका आले. "काय करायलात ताई?"

मी संकराचं सगळं रंगवून सांगितलं. काका गंभीर झाले. "साध्या वाणीनंच अर्धं रान खाल्लं. अन् तुम्ही तिचं हायब्रीड काढायलात?"

*

मुरुडहून लातूरला येताना एसटीत किड्यांचा डबा उलटला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागच्या मावशींनी पदर खोचला, कंडक्टर सीटखाली वाकला, सगळी बस कामाला लागली. मी नऊ किडे आणले होते. लोकांनी अकरा परत दिले!

*

पहिली जोडी दोन महिने एका डब्यात होती. काहीच घडेना. नराचे अंगाच्या सातव्या कड्यावरचे पाय वेगळे असतात, ते आधी बघायचे असतात. मी म्हटलं, मला नुसतं बघूनच कळतं! माझ्या गाईड मॅडमनी दोन्ही किडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. दोन्ही माद्या.

"अगं, मांडव घातलास, नवरदेव कुठाय?"

*

मग नीट तपासून जोड्या लावल्या. एका डब्यात दोन्ही चाकूरचे. शेजारच्या डब्यात भोकरचा नर, चाकूरची मादी. पहिल्यात पिल्लांची नुसती झुंबड, दुसऱ्यात एकही नाही. मी रोज झाकण उघडायची आणि रडकुंडीला यायची.

एका सोमवारी दुसऱ्या डब्यात चार पांढरी पिल्लं! मी किंचाळलेच. मॅडमनी चार ठिकाणी फोन केले, पेढे आले, फोटो निघाले. डब्यांवर रोज पाणी शिंपडणारे आमचे शिपाई मारुतीमामा पेढा खात माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले,

"ताई, आणखी पायजेत का? शेजारच्या डब्यात लई हायत. तुमचं रडकं तोंड बघवंना, म्हणून शनवारी ही चार मीच इकडं सोडली!"