सोनाळ्याच्या मनीषाचा पॅच

फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी अठरा वर्षं झाली. मुलं डिग्री घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडे ठेवून जातात. मार्कशीट एक वेळ सापडत नाही, किस्से बरोबर सापडतात!

यातले सगळ्यात जास्त किस्से एकट्या मनीषाचे. सोनाळ्याच्या संत्रेवाल्या शेतकऱ्याची ही पोरगी आमच्या देऊळगाव राजाला एम.फार्म.ला आली. वडिलांचे दोन्ही गुडघे सुजलेले. सुजेची गोळी घेतली की पोटात आग, नाही घेतली की चालणं बंद. म्हणून हिनं विषय घेतला: औषध पोटातून न पाठवता कातडीतून आत सोडणारा पॅच.

*

औषध पलीकडे जातं की नाही, हे आधी अंड्याच्या कवचाखालच्या पातळ पापुद्र्यावर बघतात. त्यासाठी मनीषा रोज बाजारातून डझनभर अंडी आणायची. एक दिवस अंडेवाल्यानं विचारलं, "ताई, जिम लावली का?"

"नाही हो भाऊ. आतलं तुम्ही ठेवून घ्या, मले फक्त वरचं फोलपट द्या."

संध्याकाळी मी भेटलो तर तो हळूच म्हणाला, "साहेब, पोरीच्या घरी एकदा फोन करा. अभ्यासाचा ताण दिसतो."

*

पॅच अंगाला किती वेळ चिकटतो, हे बघायला आम्ही औषध न घातलेले कोरे पॅच केले. खेडेकर सर म्हणजे मनीषाचे गाईड. त्यांनी पहिला स्वतःच्या दंडावर लावला. मे महिना, घामाची धार. दुपारपर्यंत पॅच गायब.

संध्याकाळी प्राचार्यांच्या केबिनमधून सरांची फाइल परत आली. पॅच दंडावरून सुटून फाइलवर चिकटला होता. सही करायची खूण समजून प्राचार्यांनी नेमकी त्याच्यावरच सही ठोकली होती.

मनीषा म्हणाली, "सर, पॅच मंजूर झाला!"

*

डिंकाचं प्रमाण बदलून दुसरा कोरा पॅच हेडक्लार्क गजाननभाऊंच्या गुडघ्यावर लावला. तिसऱ्या दिवशी भाऊ जिना चढून थेट लॅबमध्ये. "पोरी, जादू हाय तुह्या हातात. वर्षभराचं दुखणं गेलं."

सरांना राहवलं नाही. "भाऊ, त्यात औषध नव्हतंच. आम्ही फक्त चिकटतो का ते बघत होतो. लावताना सांगितलं होतं तुम्हाला."

भाऊंनी गुडघ्यावरचा पॅच आणखी घट्ट दाबला. "मंग टाकूच नका, सर. हाय तेच बेस हाय."

*

हसायचे दिवस तिथं संपले. अंड्याच्या पापुद्र्यातून औषध सहज गेलं, पण माणसाच्या कातडीशी मिळतीजुळती म्हणून बकऱ्याच्या कानाची कातडी लावली आणि सगळं अडलं. वर पॅच, मध्ये कातडी, खाली पाणी; दोन महिने त्या पाण्यात औषध जवळजवळ शून्य. विषय बदलावा लागेल असं सर म्हणाले, तेव्हा पोरगी उठून बेसिनकडे गेली. नुसती काचेची भांडी धूत बसली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन दोन्ही हात नाकाला लावून उभी. "काका, सकाळी संत्रं सोललं. तीनदा साबणानं हात धुतले, पण वास जाऊनच नाही राह्यला. हे तेल कातडीत शिरते का?"

सरांनी शोधनिबंध काढून पाहिले. संत्र्याच्या सालीचं तेल कातडीची वाट मोकळी करतं, हे आधीच लिहिलेलं होतं. आमच्यापैकी कोणी तिकडे पाहिलंच नव्हतं. घरून सालींचं पोतं आलं, मी तेल काढून दिलं, नवा पॅच झाला. या वेळी आकडा दर तासाला चढत गेला. कधी आवाज न चढवणारे आमचे सर व्हरांड्यात जाऊन ओरडले, "मनीषा, गेलं! औषध पलीकडे गेलं!" मी तर त्या दिवशी सगळ्या स्टाफला कचोरी खिलवली.

*

तोंडी परीक्षेला पुण्याहून एक्सटर्नल आले. बारीक माणूस, बारीक प्रश्न. मनीषानं एकही सोडला नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "काम उत्तम आहे. पण गोळी स्वस्त आहे, गावोगावी मिळते. मग हा पॅच हवाय कोणाला?"

"बाहेर बाकड्यावर बसले हायेत, सर."

एक्सटर्नलांनी आधी कागदावर सही केली. मग उठून स्वतः दार उघडलं. बाकड्यावरचे मनीषाचे वडील गुडघ्यावर हात टेकवत उभे राहिले.

"मुलगी पास झाली तुमची. तीन मजले चढून आलात? दुखलं नाही?"

"दुखलं ना, साहेब. पण आज पोरीच्या पॅचची परीक्षा, गोळी खाऊन कसा येऊ?"